बंद दारावरची फुली

“हात लावू नका! ठसे जातील!” बच्छाव काका ओरडले आणि मी माझ्याच दाराची कडी सोडून दिली.

मंगळवारची सकाळ होती. दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तर बाहेर तीन माणसं माझ्या दाराकडे तोंड करून उभी. बच्छाव काका आमच्या सोसायटीचे चेअरमन, वीज मंडळातून निवृत्त झालेले. लख्ख उजेडात त्यांच्या हातात बॅटरी होती आणि ती चालूही होती. सेक्रेटरी खैरनार, धंद्याने विमा एजंट, मोबाइलवर फोटो काढत होता. आणि तळमजल्यावरच्या बोरस्ते काकू, ज्यांच्याशिवाय आमच्याकडे काहीच घडत नसे.

माझ्या दारावर खडूने लिहिलं होतं: P 7. त्याखाली 20/1. शेजारी जिन्याच्या दिशेने एक बाण.

“वहिनी, घाबरू नका,” बच्छाव काका म्हणाले. स्वतः ते चांगलेच घाबरले होते. “टोळी आहे. सोळाच्या सोळा दारांवर खुणा करून गेलेत. बारा दारांवर P, चारांवर फुली.”

“P म्हणजे?” मी विचारलं.

“पैसेवाले,” खैरनार म्हणाला. “फुली म्हणजे घर बंद असतं, किंवा बाईमाणूस एकटं असतं. बाण म्हणजे पळायचा रस्ता.”

“आणि वीस भागिले एक?”

“वीस तारखेला, रात्री एक वाजता.”

“पण वीस काल झाली.”

तो जरा अडखळला. बच्छाव काकांनी त्याला सावरलं. “पुढच्या महिन्याची वीस. ही माणसं फार लांबचा विचार करतात.”

बोरस्ते काकू तेवढ्यात मला नखशिखान्त न्याहाळत होत्या. माझ्या दारावर पैसेवाले असं लिहिलंय हे त्यांना पचत नव्हतं. “आमच्याही दारावर P आहे म्हणा,” त्या म्हणाल्या.

मी दार लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरून हसले. कारण त्या खुणा कुणी केल्या ते मला माहीत होतं. सोळा घरांत एकटीला मला माहीत होतं.

ही गोष्ट नाशिकची, पाथर्डी फाट्याच्या अलीकडची. बिल्डिंगचं नाव अनुष्का हाइट्स, उंची चार मजले. बांधून आठ वर्षं झाली होती आणि त्या आठ वर्षांत चोरी म्हणावी अशी एकच झाली होती, बोरस्ते काकूंच्या शोभेच्या कुंडीची. ती त्यांचाच भाचा घेऊन गेल्याचं पुढे कळलं. तरीही इथल्या माणसांना शहर म्हणजे जंगल वाटायचं. भाजीवाला नवीन दिसला की फोटो. गॅसवाला जिन्यात थांबला की फोटो. व्हॉट्सअॅप तेव्हा नुकतंच सगळ्यांच्या हाती आलं होतं आणि ‘अनुष्का हाइट्स फॅमिली’ या ग्रुपवर सकाळी फुलं आणि दुपारपासून दरोडे येत असत. कुठल्या राज्यातले, कुठल्या साली पडलेले, काही पत्ता नाही. वाचायचं, धसका घ्यायचा आणि पुढे पाठवायचं.

तर सोमवारी काय झालं होतं ते सांगते. आदल्या दिवशी पोलिओचा रविवार होता. आमच्या निषादला, माझ्या दोन वर्षांच्या मुलाला, ताप होता म्हणून मी त्याला बूथवर नेलं नव्हतं. सोमवारी अकराच्या सुमारास दोन बायका घरीच आल्या. एक तरुण पोरगी, हातात वही. दुसरी चाळिशीची, सावळी, खांद्याला निळा डबा. तिने निषादचा गाल ओढून त्याला हसवलं आणि त्याने तोंड उघडताच दोन थेंब टाकले. मग डाव्या करंगळीवर शाई लावली. पोर रडलंसुद्धा नाही.

“गुणाचं आहे हो बाळ,” ती म्हणाली. मग खडू काढून माझ्यादेखत दारावर लिहिलं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, “P म्हणजे ह्या घरचं काम झालं. ज्यांचं कुलूप आहे, नाहीतर बाळ राहिलंय, तिथं फुली. तिथं परत यावं लागतं आम्हाला. सात तुमचा घरनंबर, खाली आजची तारीख. बाण म्हणजे आम्ही इकडं गेलो, मागनं साहेब तपासायला येतात त्यांना कळावं म्हणून.”

मग त्या पुढच्या घरांकडे गेल्या. मी निषादला कडेवर घेऊन दारातच उभी होते, त्यामुळे सगळं पाहिलं. बेल वाजली की दार चार बोटं उघडायचं. साखळी लावलेलीच. “घरात पाच वर्षांच्या आतलं बाळ आहे का?” “नाही.” धाडकन बंद. मग त्या बंद दारावर खडू फिरायचा. खडू फिरतोय हे बघायला दार उघडं ठेवण्याइतकं धाडस एकाही घरात नव्हतं. मंगळवारी सकाळी हीच माणसं आपापल्या दारावरची ती अक्षरं बघून गारठली. विचारणारी बाई त्यांनीच पाहिली होती, नाही म्हणून त्यांनीच सांगितलं होतं, पण त्या बाईचा आणि खुणेचा संबंध जोडायला डोकं लागतं.

मग मी सांगून का टाकलं नाही?

कारण शुक्रवारी सभा होती. बच्छाव काकांनी ‘सुरक्षेच्या गंभीर विषयावर’ गच्चीवर सगळ्यांना बोलावलं होतं. आणि मागच्या सभेत, जिन्यातल्या तुटलेल्या कठड्याबद्दल मी बोलायला उठले तेव्हा याच गृहस्थांनी भर सभेत मला सांगितलं होतं, “वहिनी, तुम्ही बसा. मिस्टरांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो.” सगळे हसले होते. मी एम. एस्सी. झालेली, मूल होईपर्यंत कॉलेजात शिकवत होते, आणि हा मीटर रीडिंगमध्ये जन्म गेलेला माणूस मला बसा म्हणतो. ते माझ्या मनातून गेलं नव्हतं. शुक्रवारी मी निषादला कडेवर घेऊन उभी राहणार होते, त्याची करंगळी सगळ्यांना दाखवणार होते आणि एकेकाला त्याची जागा दाखवणार होते. काय बोलायचं ते मी आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं होतं.

बुधवारी रात्री जेवताना हेमंतला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. तो अंबडला कंपनीत आहे. तो हसला नाही.

“सांगून टाक आत्ताच. ग्रुपवर एक ओळ लिही.”

“शुक्रवारी सांगणार.”

“खैरनार खाली बॅट घेऊन बसतोय दोन दिवस. सापडला की आधी फोडायचा, मग पोलिसांना बोलवायचं, असं म्हणत होता मला.”

“खैरनार फोडणार? पाल दिसली की बायकोला हाक मारतो तो.”

“त्या बायका परत येणार आहेत ना? फुलीवाल्या घरांसाठी?”

“आल्या तर आल्या. त्यांच्याकडे ओळखपत्र असतं.”

“तू उगाच ताणतेयस,” तो म्हणाला आणि ताट उचलून गेला.

ही माणसं कुणावर हात उचलतील असं मला खरंच वाटलं नव्हतं. तेवढी किंमतच मी त्यांना देत नव्हते.

गुरुवारी दुपारी, बारा वाजून गेले असतील, खालून आरडाओरडा ऐकू आला. निषाद नुकताच जेवला होता. त्याला कडेवर घेऊन मी बाहेरच्या कठड्याशी आले. आमच्या घरांची दारं एका लांब गॅलरीत उघडतात आणि तिथून खालचं पार्किंग सगळं दिसतं.

तीच बाई होती. एकटीच. प्लास्टिकच्या खुर्चीवर तिला बसवलं होतं आणि निळा डबा तिने मांडीवर घट्ट धरला होता. समोर बच्छाव काका, बाजूला बॅट घेऊन खैरनार, मागे बोरस्ते काकू. झालं असं होतं की ती तिसऱ्या मजल्यावर देवऱ्यांच्या दाराशी गेली होती. देवरे नवराबायको दोघं नोकरीला, घरात दीड वर्षांची मुलगी आणि आजी. आजीला ताकीद होती, कुणी आलं तरी दार उघडायचं नाही. सोमवारी तिने उघडलं नाही म्हणून फुली, आणि फुली म्हणून ही परत आलेली. आजीने भोकातून पाहिलं आणि बच्छाव काकांना फोन लावला.

“नाव?”

“रंजना गांगुर्डे. साहेब, मी अंगणवाडीत मदतनीस आहे. महापालिकेच्या दवाखान्यातनं आलेय. पोलिओचं काम आहे.”

“एकटीच कशी? तुमची तर टोळी असते.”

“दोघी आहोत. ती पोरगी पलीकडच्या बिल्डिंगीत गेली. हे बघा कार्ड.”

खैरनारने कार्ड उलटंपालटं केलं. “असली कार्डं झेरॉक्सच्या दुकानात मिळतात.”

“मग दवाखान्यात फोन लावा ना, साहेब. नंबर देते.”

“नंबरही तूच देणार आणि पलीकडून बोलणारा माणूसही तुझाच!” खैरनारला स्वतःची हुशारी इतकी आवडली की त्याने आजूबाजूला पाहिलं.

वर मी हसत होते. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. शुक्रवारच्या सभेत मी सांगितलं असतं त्यापेक्षा हे कितीतरी बरं होतं, साक्षात आरोपी समोर! फक्त खाली तीनच माणसं होती. मी मनात म्हटलं, अजून थोडी जमू देत. शिरसाठ येऊ देत, मागच्या सभेत सगळ्यात मोठ्याने तोच हसला होता. सगळे जमले की उतरायचं.

ते जमलेही. कुणी जेवण अर्धवट टाकून आलं, कुणी लुंगीवरच. पाचदहा मिनिटांत बारापंधरा माणसं झाली. शिरसाठही आला.

“पिशवीत काय आहे?” बोरस्ते काकूंनी तिची कापडी पिशवी ओढून जमिनीवर उलटी केली. चपातीचा डबा, वही, छत्री, आणि एक खडू.

“खडू!” बच्छाव काका किंचाळले. “बघा, खडू सापडला!”

जमलेल्यांत कुजबुज पसरली. एका बाईने पोराला मागे ओढलं. खैरनारने तो खडू रुमालात धरून उचलला.

“आता तो डबा उघड.”

“नको, साहेब. आत बर्फ आहे, औषध आहे. गरम झालं की वाया जातं. बाटलीवर खूण असते, ती काळी पडली की फेकून द्यावं लागतं. अजून अकरा घरं राहिलीत माझी. अकरा बाळं आहेत.”

“उघड म्हणतो ना!”

“नाही उघडणार,” ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “काय करायचं ते करा. औषधाला हात लावू देणार नाही मी.”

खैरनारने डब्याला हात घातला. तिने तो उरापाशी ओढला. ओढाताणीत झाकण निघालं, बर्फाच्या चपट्या पुड्या फरशीवर पडल्या आणि एक छोटी बाटली गडगडत गाडीखाली गेली. ती उठून बाटलीमागे वाकली. तेवढ्यात कुणीतरी “पळतेय!” ओरडलं आणि बोरस्ते काकूंनी तिच्या थोबाडीत मारली. एकदा नाही, दोनदा. मंगळसूत्र तुटलं, काळे मणी पार्किंगभर झाले. खैरनारची बॅट हवेत उचललेली मी पाहिली.

तेव्हा मी धावले. दोन जिने कसे उतरले आठवत नाही.

“थांबा! खाली करा ती बॅट!”

मग मी बोलले. आरशासमोर तयार केलेलं सगळं बोलले, एक शब्द गाळला नाही. निषादची करंगळी वर धरून प्रत्येकाच्या तोंडासमोरून फिरवली. P म्हणजे काय ते सांगितलं, फुली म्हणजे काय, बाण म्हणजे काय. “वीस तारीख, रात्री एक वाजता!” असं मी खैरनारकडे बघून म्हटलं तेव्हा मागून कुणीतरी हसलंसुद्धा. बच्छाव काकांना मी म्हणाले, “सोमवारी तुमच्याही दारात ही बाई उभी होती. तुम्हीच तिला नाही म्हणून सांगितलंत. चार बोटांच्या फटीतून माणसाचं तोंड दिसत नाही, काका. आता मिस्टरांना पाठवू का, अजून समजावून सांगायला?”

बच्छाव काका पायाकडे बघायला लागले. शिरसाठ गर्दीतून मागच्या मागे निघून गेला. बोरस्ते काकू म्हणाल्या, “आम्हाला काय माहीत बाई, आजकाल दिवसच असे आहेत.” आणि एकेक जण, सावध राहिलेलं बरं, असं पुटपुटत जिना चढला. ज्याचं जेवण राहिलं होतं तो जेवायला गेला. दहा मिनिटांत पार्किंग रिकामं. त्या बाईची माफी मागावी असं त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही. मला त्यांची इतकी किळस आली की मी थुंकायची राहिले.

रंजना गाडीखाली हात घालून बाटली काढत होती. तिने एकेक बाटली उजेडात धरून पाहिली. एक फुटली होती, एक तिने बाजूला ठेवली. बाकीच्या बर्फात दाबून झाकण घट्ट लावलं. त्यानंतर ती खाली बसून मणी वेचायला लागली. मी पाणी आणून दिलं. तिचा गाल सुजला होता.

“पोलिसांत जाऊ या,” मी म्हणाले. “मी साक्ष देते.”

“अजून अकरा घरं राहिलीत, ताई. चारच्या आत डबा जमा करायचा असतो.” मग म्हणाली, “तेवढं वरच्या घरी चला माझ्यासंगं. ती आजी मला दार उघडायची नाही.”

मी गेले. माझा आवाज ऐकून देवरे आजींनी दार उघडलं. मुलीने थेंब घेतले आणि तोंड वाकडं केलं. सुजल्या गालाने रंजना तिच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “झालं, झालं, संपलं.” तिने दारावरची फुली हाताने पुसली. P लिहायला खडू नव्हता. तो खैरनार रुमालात बांधून घेऊन गेला होता.

खाली फाटकाशी आल्यावर तिने पिशवी खांद्याला लावली.

“मी वर बघितलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “पहिल्यापासून. ह्यांनी खुर्चीवर बसवलं तेव्हाच. म्हटलं, त्या ताई आहेत, त्यांना माहिताय, आता येतील. म्हणून मी घाबरले नाही.”

मी निषादला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“बाळ झोपलं होतं का?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “नुकतंच झोपलं होतं.”

तिने माझ्या कडेवरच्या निषादकडे पाहिलं. इतका वेळ तो तिथेच होता, तिला वरून दिसला होता तिथेच. तिने त्याचा गाल हलकेच ओढला आणि ती गेली.

शुक्रवारची सभा झाली. विषय तोच, सुरक्षेचा. खुणा पोलिओच्या निघाल्या तरी ‘उद्या खऱ्या टोळीच्या निघाल्या तर’ म्हणून गेटवर कॅमेरा लावायचं ठरलं. बच्छाव काकांनी सुरक्षा समितीवर माझं नाव सुचवलं. म्हणाले, “कुलथे वहिनींचं बारीक लक्ष असतं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिरसाठने सगळ्यात जास्त. मी नको म्हणाले नाही. मिस्टरांना पाठवा म्हणणारा माणूस आज माझ्यासाठी खुर्ची ओढतोय, हे मला आवडलं. रात्री हेमंतने विचारलं, “त्या बाईचं काय झालं मग?” मी म्हणाले, “काही नाही, गेली कामाला.” वर उभी राहून मी काय केलं ते त्याला आजतागायत सांगितलेलं नाही. या गोष्टीला आता बारा वर्षं होतील.

पोलिओचा दुसरा रविवार फेब्रुवारीत आला. मी मुद्दाम निषादला बूथवर नेलं नाही. ती येईल, आल्यावर तिला बसवीन, चहा करीन, खरं काय ते सांगीन, असं ठरवलं होतं. सोमवारी बेल वाजली. दारात तिघी होत्या, त्यात रंजना नव्हती.

“दरवेळी दोघी येता ना तुम्ही?” मी विचारलं.

“ह्या बिल्डिंगीला तिघींनी जायचं सांगितलंय,” त्यांतली थोरली म्हणाली. ती निषादच्या तोंडाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. “आणि जिन्यात थांबायचं नाही, काम झालं की लगेच निघायचं.”

“आणि रंजनाताई?”

“तिनं हा भाग बदलून घेतला. म्हणते, तिथं भीती वाटते.”

“अहो, भीती कसली?” मी म्हणाले. “आमच्याकडे सगळी सुशिक्षित माणसं आहेत.”

तिने निषादच्या तोंडात दोन थेंब टाकले, करंगळीला शाई लावली आणि दुसरीला चल म्हणून खुणावलं.